दोनशे चिठ्ठ्यांचा डबा

आमच्या घरात ‘फुकट’ ही शिवी होती. दिवाळीच्या सुमारास किराणावाल्यानं कॅलेंडर पुढं केलं की बाबा आधी विचारायचे, “किती झाले?” तो बिचारा म्हणायचा, “अहो, भेट आहे कंपनीची.” झालं! बाबा कॅलेंडरची सुरळी त्याच्या गल्ल्यावर परत ठेवायचे आणि तेल-मिठाची पिशवी उचलून चालू लागायचे. मी मागून पाय आपटत यायची, कारण कॅलेंडरवरचं चित्र मला हवं असायचं. घरी येऊन भोकाड पसरलं तरी उपयोग नव्हता. “पाह्यजे तं इकत घेऊ,” म्हणायचे. विकत कधी घेतलं नाही, ते वेगळं.

यामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही मायकडून. सावनेरकडच्या आमच्या मूळ गावात आजोबा भाकर मागून आणायचे. दुसऱ्याच्या अंगणाबाहेर उभं राहायचं आणि वरून टाकलेली शिळी भाकर धोतराच्या सोग्यात झेलायची. बाबांनी लहानपणी ती खाल्ली होती. पुढं ते नागपुरात गिरणीत लागले, सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली, आणि त्या दिवशी ज्या प्रतिज्ञा म्हटल्या त्यांच्या शेवटी स्वतःची एक मनातल्या मनात जोडली. जे कमावलं नाही ते घ्यायचं नाही. ही बाविसांत नव्हती, तेविसावी होती, आणि आमच्या घरात तीच सगळ्यात कडक पाळली जायची. शेजारच्या काकूंनी वाटीभर आंबाडीची भाजी दिली तर त्याच पावली माय त्यांच्या घरी चार वांगी नेऊन द्यायची. नाही दिली तर बाबा भाजीला शिवायचे नाहीत. आणि अशा माणसाच्या थोरल्या पोरीला नोकरी लागली ती फुकट वाटायच्या वस्तूंची चित्रं काढण्याची. आता हसू येतं. तेव्हाही आलं होतं.

जरीपटक्याच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. सकाळ व्हायची ती भोंग्यानं. पाठोपाठ चुलीवर माय भाकरी थापायला बसायची तो थप थप आवाज, आणि त्यावरून बाबांचा आवाज. बाबा घरातही ओरडूनच बोलायचे, कारण त्यांचं आयुष्य गिरणीच्या पिंजणखात्यात गेलं. कापूस झाडून साफ करतात ते खातं. तिथं यंत्रांचा एवढा कल्लोळ की शेजारच्याला ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू जात नाही. “मीठ दे” हेसुद्धा बाबा असं म्हणायचे की पलीकडच्या गल्लीतली बाई मीठ घेऊन यावी. कामावरून आले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशीत पांढरा कापूस. माय पदरानं तो टिपायची आणि म्हणायची, “म्हातारा होऊन आला पाह्य आज.” मग ते हातपाय धुवून बसायचे, समोर भाकर, सुकटीची चटणी, कांदा. आम्ही तिघी बहिणी आजूबाजूला. घरात पुरुष एकच, आणि त्याच्या एकट्याची म्हणावी अशी वस्तू एकही नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. आलं तेव्हा मी त्याचा जो उपयोग केला, त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

बाबा बिडी ओढायचे, वस्तीतले सगळेच ओढायचे. पण माझी चित्रकलेची शेवटची परीक्षा झाली त्या वर्षी त्यांना खोकला लागला. तो राहिना, म्हणून गिरणीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या छातीत आधीच इतकी वर्षं कापूस बसला आहे, आता त्यावर धूर घालू नका. घालाल तर ही छाती फार दिवस चालणार नाही. बाबांनी घरी येऊन खिशातला अर्धा कट्टा, म्हणजे बिड्यांचं बंडल, मायच्या चुलीत टाकला. त्या माणसाचं सगळं असं एकदम असायचं. पहिले दोन-तीन महिने घराला जीव नकोसा केला. कारण नसताना खेकसायचे, भाजी खारट आहे म्हणून ताट सरकवायचे, आणि हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. माय त्या खिशात चार लवंगा टाकून ठेवायची. पण सुटली. दीड वर्ष त्यांनी बिडीला हात लावला नाही, खोकलाही थांबला, आणि माय ज्याला त्याला सांगत सुटली की आमच्यायनं बिडी सोडली.

आणि मी बिडीच्याच कंपनीत लागले. काय करणार? चित्रकला शिकलेल्या पोरीला एक तर शाळेत ड्रॉइंग मास्तरीण व्हायचं, नाही तर लेबलं काढायची. शाळेतली जागा काही मिळाली नाही. गांधीबागेच्या एका गल्लीत, कापडाच्या घाऊक दुकानांच्या वरच्या मजल्यावर, या कंपनीचं ऑफिस होतं. बिडीचं खरं नाव मी लिहीत नाही, आपण दुर्बीण छाप म्हणू. घरी मी सांगितलं तेव्हा मायच्या कपाळावर आठी आली. बाबा मात्र म्हणाले, “चित्रं काढाची नोकरी हाय, बिड्या वळाची नाही.” आणि मला जुनी लेडीज सायकल घेऊन दिली, हप्त्यांवर. त्या सायकलवरून मी रोज गांधीबागेत जायची, आणि वस्तीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. कोणाचं काय जातं म्हणून मी मान वर करून घंटी वाजवायची.

ऑफिसात मालकाचा धाकटा मुलगा प्रचाराचं बघायचा. सगळे त्याला भैयाजी म्हणायचे. तिशीचा, पान खाऊन ओठ लाल, बोलायला गोड, डोकं तल्लख. आदल्या वर्षी त्यानं बिडीबरोबर स्टीलचे चमचे वाटले होते. चमचे संपले, बिडी जिथल्या तिथं. एक दिवस त्यानं माझ्या टेबलावर तो चमचा आपटला.

“विमलबाई, सांगा. बिडी पिते माणूस, अन् चमचा घेऊन जाते त्याची बायको. मंग माणसाले काय भेटलं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“हां! तो उद्या दुसरी बिडी घेईन, त्याचं काय जाते? आपल्याले अशी चीज पाह्यजे की माणूस घरी नेईन अन् म्हणन, हे माह्यं हाय, कोणं हात लावाचा नाही. मी शेठचा पोरगा, मले काय मालूम गरीब माणसाले काय पाह्यजे. तुम्ही सांगा. तुमच्या घरी हाय ना कोणी?”

दुसरं कोणी असतं तर या बोलण्याचा राग आला असता. मला नाही आला. माझ्या अंगात उत्साह शिरला. ऑफिसात मी एकटी बाई, सगळे मला लेबलाच्या कडेची वेलबुट्टी काढायला सांगायचे, आणि हा माणूस मला डोकं चालवायला सांगत होता. आलेल्या रविवारी मी वही-पेन्सिल घेऊन अंगणात बसले आणि स्वतःच्या बापाकडे बघायला लागले.

बाबांची रविवारची दाढी म्हणजे सर्कस होती. आरशाचा एक तुकडा सायकलच्या घंटीत आणि हँडलमध्ये खोचायचा. माझ्याच सायकलच्या! मग उकिडवं बसायचं. साबण नारळाच्या करवंटीत. ब्रशचे केस निम्मे गळलेले. ब्लेड जुनं, ते काचेच्या ग्लासात बोटानं दाबून आतल्या बाजूनं घासून घासून धार काढायची. तेवढ्यात धाकट्या बहिणीनं करवंटीतला साबण हात धुवायला नेलेला असायचा. मग आवाज, “माह्या करवंटीले हात कोणं लावला वं?” सायकलचं हँडल फिरलं की आरसा फिरायचा, आणि बाबा आरशामागं मान वळवत गोल फिरायचे. आम्ही बहिणी तोंडात पदर, ओढणी कोंबून हसायचो. त्या रविवारी मी हसले नाही. मी वहीत लिहिलं: आरसा. ब्रश. साबण. ब्लेड. एकाही वस्तूला स्वतःची जागा नाही.

दहा-बारा दिवसांत डबा तयार झाला, म्हणजे कागदावर. पत्र्याचा, वीतभर लांब, निळा. झाकणाच्या आतून आरसा, झाकण उघडून तिरपं उभं राहील अशी पट्टी. आत एका कप्प्यात ब्रश, एकात साबणाची वाटी, रेझरला खाच, ब्लेडला पातळ घर. बाहेरून फूल नाही, देव नाही, बाई नाही. बायकांना हात लावावासा वाटेल असं काही मी ठेवलंच नाही. आणि झाकणावर एक पांढरा चौकोन सोडला, रिकामा, खाली बारीक अक्षरांत ‘नाव’. खिळ्यानं, रंगानं, ज्याला जमेल तसं त्यानं आपलं नाव लिहायचं. भैयाजीनं त्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “बाई, तुम्ही तं माणसाच्या काळजातच हात घातला.” त्यानं ठरवलं ते असं: प्रत्येक पंचवीस बिड्यांच्या कट्ट्यात एक चिठ्ठी. दोनशे चिठ्ठ्या आणा, डबा घेऊन जा. होळीपासून दसऱ्यापर्यंत. मला हिशेब येत होता. दिवसाला एक कट्टा ओढला तरच होतं. मी म्हटलं नाही की हे जास्त आहे. मी विचारलं की जाहिरातीचं चित्र मीच काढू ना.

ते चित्र पानठेल्यांवर लागलं. खुर्चीवर ताठ बसलेला माणूस, पुढं उघडा निळा डबा, गालावर फेस. बाबा संध्याकाळी पाळीवरून आले ते अंगणातूनच ओरडत, “विमे! नाक्यावरचं चित्र तुव्हं हाय?” मी हो म्हटलं. ते आत आले, पाणी प्याले, परत म्हणाले, “माणूस खुर्चीवर बसून राह्यला.” मी म्हटलं, “मग काय, उकिडवा बसवू?” ते हसले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पिंजणखात्याला माहीत होतं की नाक्यावरचं चित्र यांच्या पोरीचं.

नमुन्याचे चार डबे बनून आले होते. भैयाजीनं त्यातला एक मला दिला, “घरी दाखवा.” मी तो हँडलला पिशवीत लटकवून इतक्या जोरात सायकल हाणली की चेन उतरली. बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी आधी हात धोतराला पुसले. झाकण उघडलं, पट्टी लावली, आरशात पाहिलं. एकेका कप्प्यात बोट घालून पाहिलं. मग पट्टी काढली, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

“परत नेजो.”

“बाबा, तुमच्यासाठी आणला.”

“दोनशे चिठ्ठ्या आणन त्याचा हाय तो. म्या कुठं आणल्या?”

“हा नमुना आहे. कोणाच्या नावचा नाही.”

“मंग तं बिलकुलच नाही.”

मी भडकले. मी म्हणजे मी होते, आणि मालकानं हौसेनं दिलेली वस्तू, आणि मी चेन काळ्या हातांनी चढवून आणलेली. “नका घेऊ!” म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तो डबा ऑफिसात नेऊन आपटला. घरातच फळीवर कुठंतरी ठेवून दिला असता तर? मायनं तो हळूच काढून पुढच्या रविवारी करवंटीच्या जागी ठेवला असता तर? आता या वयात मी असे विचार करत बसते. तेव्हा मला फक्त राग आला होता.

आठवडाही गेला नसेल. मी संध्याकाळी सायकल अंगणात लावत होते आणि मला बिडीचा वास आला. बाबा कुंपणाशी पाठमोरे उभे. मला पाहून त्यांनी लपवली नाही. “तुह्या डब्यासाठी,” म्हणाले, आणि एवढे लाजले, एवढा मोठा माणूस! आत विजेची बिलं टोचायची तार होती खिळ्याला, तिला दुर्बीण छापाच्या पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. सहा-सात असतील.

इथं मला खरं लिहायचं आहे. मला वाईट वाटलं नाही. डॉक्टरचं बोलणं मला पाठ होतं, मीच त्यांच्याबरोबर गेले होते. तरी माझ्या मनात पहिलं आलं ते हे की बाबांना डबा इतका आवडला. मला आनंद झाला. रोज घरी आल्यावर माझी नजर आधी त्या तारेकडे जायची. वीस. पस्तीस. चाळीस. पोरगी परीक्षेचे मार्क बघते तशी मी त्या चिठ्ठ्या बघायची.

माय एक दिवस भाकर थापता थापता थांबली. पीठ लागलेला हात तसाच परातीत ठेवून म्हणाली, “वं विमल, मी सांगून थकली. माह्यं तं ऐकते का तो? तुव्हं ऐकते. तू नोकरीवाली हायस, शिकली हायस. तू सांग त्याले एकडाव, की सोड म्हणून. डबा नको म्हण. तू म्हणली तं तो आजच्या आज सोडते.”

“सांगीन ना, माय,” मी म्हटलं.

“सांग बरं. सांगशील ना?”

“सांगते म्हटलं ना!”

तिला खात्री पटली. ती पुन्हा भाकर थापायला लागली. आणि तिचं खरं होतं, बाबांनी माझं ऐकलं असतं. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तोवर ऑफिसात बैठक झाली. भैयाजीचा मोठा भाऊ आला होता, त्याला ही सगळी उधळपट्टी वाटत होती. “जे आधीपासून पिऊन राह्यले तेच चिठ्ठ्या जमवून राह्यले. नवीन कोण आलं? काहून वाटाचे मंग डबे?” भैयाजी विक्रीचे आकडे चाळत राहिला. माझा डबा बंद होणार हे मला समोर दिसत होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी भिंतीजवळून बोलले.

“माझ्या वडिलांनी सोडली होती. दीड वर्ष. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आता डब्यासाठी परत सुरू केली.”

मोठा भाऊ खो खो हसला, भैयाजीनं टेबलावर थाप मारली, “हे पाह्य! डॉक्टरनं सोडवली, अन् आपल्या बाईनं धरवली! याले म्हणतात स्कीम!” सगळे हसले. मी पण हसले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. मी पण हसले, आणि त्या दिवसापासून मला खिडकीजवळ पंख्याखालचं टेबल मिळालं. त्यानंतर घरी कोणत्या तोंडानं सांगणार होते, बाबा सोडा म्हणून?

वस्तीतल्या लोकांना बाबांची धडपड कळली होती. जो तो चिठ्ठ्या आणून द्यायला लागला. पलीकडच्या गल्लीतले एक काका तर तीस चिठ्ठ्यांची गड्डीच घेऊन आले, “घ्या गा, मले काय कराचा डबा, माही दाढी न्हावी करते.” बाबांनी हात जोडले. “तुमी ओढलेली चिठ्ठी माह्या कामाची नाही, भाऊ.” काका आश्चर्यानं माझ्याकडे बघायला लागले. त्या तीस चिठ्ठ्या म्हणजे साडेसातशे बिड्या, एका महिन्याचा धूर, तो बाबांच्या छातीत गेला नसता. मी तिथंच उभी होते. घ्या हो बाबा, इतकंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. काका चिठ्ठ्या घेऊन परत गेले. पावसाळ्यात खोकला आला, पहिल्यापेक्षा खोल. बाबा खोकून झालं की उरलेली बिडी पुरी करायचे. अर्धी टाकली तर ती चिठ्ठी खोटी झाली असती त्यांच्या मते.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी दोनशे भरल्या. बाबा स्वतः गांधीबागेत आले, माझ्या ऑफिसच्या खाली, इतरांबरोबर रांगेत उभे राहिले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, ओळख दाखवली नाही. चिठ्ठ्या दिल्या, डबा घेतला, दोन्ही हातांनी धरून चालत गेले. घरी येऊन त्या पांढऱ्या चौकोनात खिळ्यानं नाव कोरलं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण सुरेख होतं. दसऱ्याच्या सकाळी दीक्षाभूमीवर जायचं म्हणून त्यांनी त्या डब्यासमोर दाढी केली. शेजारच्यांची खुर्ची आणवली होती, तिच्यावर बसून, ताठ. आम्ही बहिणी दारात उभ्या. पांढरा सदरा घालून निघाले तेव्हा माय म्हणाली, “नवरदेव दिसून राह्यला.” त्या दिवशी दीक्षाभूमीपर्यंत चालताना ते चार वेळा थांबले. गर्दी फार आहे, म्हणाले.

थंडीत त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. बोलताना धाप लागायची, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा. एक तरुण डॉक्टर होता, चांगला होता, पोटतिडकीनं विचारायचा. त्यानं मायला विचारलं, “बिडी ओढायचे?”

“सोडली होती, साहेब. दीड वर्ष. मंग पुन्हा धरली.”

“पुन्हा? काहून?”

माय माझ्याकडे बघून म्हणाली, “काय सांगू, साहेब. या पोरीनं किती सांगितलं त्यायले. सोडा म्हणून हातापाया पडली. त्यायनं नाही ऐकलं.”

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांना ठाऊक होतं. एकदाही, एका शब्दानंही मी सांगितलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मला वाटलं आता ते म्हणतील. म्हणायला हवं होतं. डॉक्टर त्यांच्याकडे वळला, “काय हो, पोरगी एवढं सांगत होती तर ऐकलं का नाही?”

बाबांनी श्वास घेतला. “हो,” म्हणाले, “सांगे ती. मलेच लत होती.” आणि डोळे मिटून घेतले.

फुकट काही घ्यायचं नाही म्हणून छाती जाळणाऱ्या माणसानं मला ते असं देऊन टाकलं, आणि मी घेतलं. होळीच्या आधी ते गेले.

मी नोकरी सोडली असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही सोडली. घरात आता कमावणारी मीच होते, हे खरं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. पुढच्या वर्षी भैयाजीनं भेट म्हणून हातातल्या बॅटरीचं चित्र काढायला सांगितलं, मी काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी कुलूप. माझ्या वस्तू चालायच्या. पुरुषांना काय पाहिजे ते विमलबाईंना विचारा, असं गांधीबागेत बोललं जायचं. खूप वर्षं मी ते बोलणं अभिमानानं ऐकलं.

आणि माय सांगत राहिली. बाबांच्या प्रत्येक पुण्यस्मरणाला, माझ्या लग्नात, बहिणींच्या सासरी, कोणी बिडी पेटवताना दिसलं की लगेच. “आमच्या विमलनं बापाले किती सांगितलं, पण ऐकलं नाही त्यायनं.” मी चहा आणायला आत जायची. माझ्या पोरांनी ही गोष्ट आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की तीही आपल्या मित्रांना सांगायची. आमच्या घरात ती खरी होऊन बसली, माझ्याच समोर.

शेवटच्या दोन वर्षांत माय माझ्याकडेच होती. पुष्कळ विसरली होती. गिरणीचं नाव विसरली, जरीपटक्याचं घर कोणत्या गल्लीत होतं ते विसरली, धाकटीला कधी कधी ओळखायची नाही. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते आणि तिनं पुन्हा सुरू केलं, किती सांगितलं तू त्यायले, बाई. मला सहन झालं नाही. आता हिला सांगितलं तर कोणाला कळणार, असा भित्रा विचारही त्यात होता, नाही म्हणत नाही. मी फणी खाली ठेवली.

“माय, मी सांगितलंच नव्हतं बाबांना. तू सांग म्हणाली होती ना, मी नाही सांगितलं. एकदाही नाही.”

ती वळली. एवढ्या दिवसांत तिचे डोळे इतके स्वच्छ मी पाहिले नव्हते.

“असं कसं? दवाखान्यात तो सोता म्हणला, हो, सांगे ती म्हणून. म्या ऐकलं. डॉक्टरनं ऐकलं.” मग तिला रागच आला. “का वं, तुहा बाप खोटं बोलला काय?”

मी फणी पुन्हा उचलली. ती उत्तराची वाट पाहत होती.

“नाही वं, माय,” मी म्हटलं. “तो कुठं खोटं बोलते.”